भोंग्याला साद देणारा

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा रिसालीकडच्या मजूर कॅम्पातला एक माती उचलणारा मला, तिथल्या हजेरी-कारकुनाला, रोज दिसायचा. त्याच्या हातांवर, पाठीवर दाट केस होते. जेवणाचा भोंगा वाजला की तो घमेलं खाली ठेवायचा, मान वर करायचा आणि भोंग्याच्या सुरात लांडग्यासारखा ओरडायचा. सगळे हसायचे, तोही हसायचा.

त्याच्यावरूनच मी लांडगा होणाऱ्या माणसाची गोष्ट लिहायला घेतली. जेवणाच्या सुट्टीत चहाच्या टपरीवर रोज थोडी वाचून दाखवायचो. मग मुकादमाची बकरी हरवली, आणि ती लांडग्यानंच नेली अशी कुजबुज सुरू झाली. त्या दिवशी तो ओरडला, पण कोणीच हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला आणि तो गप्प राहिला. टपरीवर येऊन मला म्हणाला, "बाबू, तुह्या गोष्टीत लांडग्याले शेवटी गाव मारते काय?"

"मारते ना."

"मंग मले आजच कॅम्प सोडा लागन. लोकं माह्याकडंच पाहून राहिले."

मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि सगळ्यांना नवा शेवट सांगितला. गाव लांडग्याला मारायला निघतं, पण जो जो दगड उचलतो, त्याच्या हातावर लांडग्याचे केस उगवतात.

टपरीवरचे लोक आपापले हात पाहू लागले. "अबे, माह्या हातावर तं पहिलेच हायेत!" एकजण म्हणाला आणि हशा पिकला. लांडग्याच्या गोष्टीत दगड कोणाच्या हाती आहे, हे मी तेव्हापासून आधी पाहतो.

सुट्टी संपल्याचा भोंगा वाजला. त्या माती उचलणाऱ्यानं मान वर केली, आणि त्याच्यासोबत अख्खी टपरी ओरडली.