भाईच्या खाणीतली माती

माझे आंबे खाल्लेला माणूस पुढच्या वर्षी न चुकता विचारतो, "काका, खत कोणतं घालता?" मी बरीच वर्षं "मासळीचं" असं सांगत आलो. ते खोटं होतं, आणि त्याचा त्रास एकाच माणसाला झाला.

तो माझा शेजारी. सगळे त्याला भाई म्हणतात, मीही. सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या त्याच्या जागेत जांभ्या दगडाची चिरेखाण काढायची ठरली तेव्हा तो बोटीवर नोकरीला होता, आणि मी इथे लोकांना जमिनींचे नकाशे काढून देत असे. परवान्याचा आराखडा मीच केला. दगड संपल्यावर जमीन पुन्हा लागवडीला कशी आणणार, हे त्यात दाखवावं लागतं. आमच्या कातळावर माती असते वीतभर. ती आधी खरवडून बाजूला ढीग घालायचा, चिरे काढून झाले की परत पसरायची आणि काजू लावायचे, असं मी दाखवलं. ढिगाला हिरवा रंग दिला.

त्याच वर्षी मी शेजारच्या माझ्या कातळात हापूसची कलमं लावत होतो. आमच्याकडे त्यासाठी दगडात खड्डा फोडून माती बाहेरून आणून भरतात. माती मिळेना. भाईचा ढीग आमच्या मधल्या दगडी गडग्यापलीकडे होता. आधी चार घमेली घेतली, मग ट्रॉलीच लावली.

भाई सुट्टीवर आला. "माती कुठे रे?"

"वाहून गेली," मी म्हटलं. पाऊसही त्या वर्षी खोटं पटावं असाच झाला होता.

पुढे भाई कायमचा घरी आला. त्यानेही घरामागे कलमं लावली, पण ती काही जोर धरेनात. "खरं सांग, तू घालतोस काय?" त्याने विचारलं. नेमका समोरून मासळीचा टेम्पो चालला होता. "मासळीची घाण," मी म्हणालो. त्या वेळी तिथे म्हैस उभी असती, तर भाईचं आयुष्य सोपं गेलं असतं.

तेव्हापासून तो मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरून डोकी, शेपट्या, कोलंबीची सालं डबे भरभरून आणू लागला. त्याच्या बायकोने, म्हणजे भाभींनी, दुसऱ्याच वर्षी ते घराजवळ आणायला बंदी केली. मग तो सगळं खाणीच्या जुन्या कोपऱ्यात टाकी, वर पालापाचोळा आणि चिऱ्यांचा भुगा पसरी, आणि कुजलेलं थोडं थोडं कलमांना नेई. कलमं होती तशीच.

गेल्या हिवाळ्यात परवाना वाढवून घ्यायची वेळ आली. उरलेला तुकडा काढायचा, खाण बंद करायची आणि तिथे मुलीसाठी काजूची बाग उभी करायची, एवढंच भाईच्या मनात होतं. पाहणीला देशावरची एक तरुण अधिकारी आली. हातात माझाच जुना आराखडा.

"काका, हा हिरवा ढीग कुठे आहे?"

"वाहून गेला. पावसात," भाई म्हणाला.

"एवढा सगळा? मग झाडं कशात लावणार? मातीशिवाय हे मला पुढे पाठवता येणार नाही."

भाई माझ्याकडे बघू लागला. आराखडा माझा, तेव्हा उत्तरही मीच देणार, असा त्याचा विश्वास. मी गडग्यापलीकडे बोट दाखवलं. "ढीग तिकडे आहे. माझ्या कलमांच्या मुळाशी."

भाईने गडग्यापलीकडच्या कलमांकडे पाहिलं. मग म्हणाला, "आणि मासळीची घाण?"

"मी कधीच घातली नाही."

"मेल्या, वास येतो म्हणून माझा जावई ईदला लांबूनच सलाम करतो."

हसू लपवायला ती अधिकारी खाणीच्या जुन्या कोपऱ्याकडे गेली आणि तिथेच वाकली. तिच्या मुठीत काळी, भुसभुशीत माती होती. "ही कुठली?"

"ती माझ्या मूर्खपणाची कमाई," भाई म्हणाला.

"छान आहे की. पण एवढ्याने भागणार नाही. बाकीची?"

"बाकीची हा आणील."

भाईच्या पडवीत बसून मी आराखडा नव्याने काढला. खाणीच्या उभ्या कडांना पायऱ्या, तळाला एका बाजूला उतार, आणि माती सगळीकडे पसरण्याऐवजी कलमांसारखी खड्ड्याखड्ड्यांत. हिरव्या पेन्सिलीला हात लावला तेव्हा भाई म्हणाला, "आधी ढीग दिसू दे. मग रंगव."

भाभींना मात्र मीच सांगायचं, अशी त्याची अट होती. त्या मासे साफ करत होत्या. ऐकताना हात थांबला नाही. "म्हणजे मी माहेरी जायची धमकी उगाच ह्यांना दिली," त्या म्हणाल्या. "आता घाण तुम्ही आणायची. आणि आंब्याची पहिली पेटी इथे."

पेटी पोचली. काम मंजूर झालं. आता मी मिरकरवाड्याला जातो, आणि येताना रिक्षावाले मला ओळख दाखवत नाहीत. बाजारात कोणी खत विचारलं, की खरं ते सांगतो. परवा डबे उपडे करत होतो, तर भाई वास चुकवून वाऱ्याच्या वरच्या अंगाला गडग्यावर बसून ओरडला, "तिकडे पसर अजून. त्या कोपऱ्यात तुझा हिरवा रंग कमी पडतोय."