जावईबापूंची पुलावरची लढाई

बुटांच्या दुकानात तो गिऱ्हाइकांच्या पायांत जोड चढवी आणि डोक्यात फौजा हलवी. दुपारी शटर अर्धं खाली आलं की मागच्या खोलीत खोक्यांच्या थप्पीला टेकून तो कुठल्यातरी जुन्या लढाईचं पुस्तक उघडे. मग त्याच्या नाकात तोफांचा धूर जाई, घोडे खिंकाळत, पोटऱ्यांत गोळे येत. एकदा एका बाईंनी सात नंबरचा काळा जोड मागितला, तर हा म्हणाला, "डावी बगल कोसळली!" मालक म्हणाला, "सेनापती, आधी खोकं काढा." नाव पडलं ते पडलंच.

"उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय?" बायको म्हणे. "घरात पाल निघाली तर हे खुर्चीवर चढतात."

सासू गेल्यावर सासरे यांच्याकडे राहायला आले. म्हातारे तरुणपणी खरोखरच लढाईवर गेलेले. पण त्याविषयी अवाक्षर काढत नसत. सेनापतीनं नाना परीनं खोदून पाहिलं. म्हातारे ताकास तूर लागू देईनात. घरात एवढंच ठाऊक होतं की पुलाच्या लढाईत ते होते, आणि त्यांचा मेहुणा, म्हणजे सेनापतीच्या बायकोचा मामा, तिथं कामी आला होता. त्याचा फोटो भिंतीवर होता.

एके दिवशी सेनापतीला त्याच लढाईवरचं जाडजूड पुस्तक मिळालं. त्यात सासऱ्यांच्या तुकडीवर चक्क चार पानं होती. त्याला आभाळ ठेंगणं झालं. सुट्टीच्या दिवशी त्यानं दुकानाच्या मालकाला आणि दोन शेजाऱ्यांना चहाला बोलावलं, म्हाताऱ्यांना मधल्या खुर्चीत बसवलं आणि उभं राहून हातवारे करत वाचायला घेतलं.

"सूर्य मावळेपर्यंत तिसऱ्या तुकडीनं पूल सोडला नाही..."

"बंद करा ते, जावईबापू."

त्याला वाटलं, म्हातारे लाजतायत. त्यानं आवाज चढवला. शेवटच्या माणसापर्यंत झुंज, पाण्यात रक्त. बायकोनं डोळ्यांना पदर लावला. "यातच माझा मामा गेला हो."

"खोटं आहे," म्हातारे म्हणाले. "पूल आम्ही राखला नाही. उडवला. शत्रू टेकडीवर दिसला, हुकूम आला, वात मी पेटवली. पुलावर आपलेच जखमी होते, स्ट्रेचरवर. तुझा मामा तिसरा. त्यानं मला ओळखलं. 'भाऊजी, थांबा' म्हणाला."

बायकोनं पदर खाली केला. "आईला ठाऊक होतं?"

"नाही."

शेजारी कप तसेच ठेवून उठले. मालकानं चपला शोधायला वाकून तोंड लपवलं. सेनापती सासऱ्यांच्या पायाशी उकिडवा बसला. त्याचे डोळे लकाकत होते.

"वात केवढी लांब होती, बाबा?"

म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे मान वळवली. "अकरा पावलं," ते म्हणाले.

त्या दिवसापासून लेकीनं बापाशी बोलणं टाकलं. ताट आणून ठेवी, उष्टं उचलून नेई. म्हाताऱ्यांशी बोलणारा घरात एकटा जावई उरला, आणि जावई फक्त विचारी. स्ट्रेचर किती? पूल आधी मधून तुटला की कडेनं? मामा ओरडला तेव्हा आवाज कसा आला? म्हातारे सांगत. कोणीतरी समोर बसतंय, एवढ्यासाठी सांगत. सांगून झालं की जेवण जाईना. सहा महिन्यांत अंगावर कातडं तेवढं राहिलं.

जावयाला मात्र असलं सुख आयुष्यात लाभलं नव्हतं. आता पुस्तक लागतच नसे. डोळे मिटले की पूल.

शेवटच्या सकाळी म्हाताऱ्यांनी लेकीला बोलवायला सांगितलं. तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. "बाबा बोलावतायत." ती परात घासत राहिली. तो परत येऊन पलंगाशी बसला.

"येत नाही ती," तो म्हणाला. आणि खाली वाकून हलकेच विचारलं, "भाऊजी थांबा, हे तो एकदा म्हणाला की दोनदा?"

म्हाताऱ्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तो दुपारपर्यंत उत्तराची वाट पाहत बसला.