जीपखालच्या वैनी

"सरका, अंगावर यील," असं म्हणत त्या आधी कोपरानं माणूस बाजूला सारायच्या आणि मगच हातोडा उचलायच्या.

आमच्या पूर्णेतल्या गल्लीत सगळे त्यांना वैनीच म्हणायचे. नवरा ताडकळसच्या रस्त्यावर जुनी जीप चालवायचा. आजारपणात त्याचे हात कापायला लागले, तशा या गाडीखाली शिरल्या. तो खाटेवरून सांगायचा, या पाना फिरवायच्या. तो गेल्यावर जीपही याच चालवू लागल्या. अडलेल्या बोल्टला त्या अशा शिव्या घालायच्या, की तुम्ही असता तर हसू दाबत घरात पळाला असता.

शेजारी दीर राहायचा. "दादाची जीप हाय, मला पायजे," हे त्याचं रोजचं.

त्या सकाळी मागचा पाटा, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, तुटला म्हणून वैनींनी अंगणातच तो काढायला घेतला होता. मागची चाकं काढलेली, गाडी जॅकवर, शेजारी आधाराला लाकडी ओंडका. गाडीखाली गंजलेल्या बोल्टवर घाव पडत होते. तेवढ्यात दीर आला.

"चावी टाक!"

"पाटा काढायलेय. दिसंना का?"

"निघतीस का न्हाई बाहेर?" म्हणत त्यानं जॅकला लाथ घातली.

जीप धाडकन खाली आली. ओंडक्यावर अडली म्हणून वैनींची छाती वाचली, पण उजवा हात पाट्याखाली सापडला. मी समोरच्या ओट्यावरून किंचाळत धावले. त्या दात आवळून म्हणाल्या, "बाई, आधी जॅक लावा."

मी जॅक पुन्हा खाली सरकवून दांडा फिरवला. हात सुटला. दोन बोटांचा चेंदामेंदा झाला होता.

त्या सरपटत बाहेर आल्या त्या डाव्या हातात हातोडा घेऊनच. पहिला घाव दिराच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसरा गुडघ्यावर. तो मातीत लोळायला लागला. तिसरा डोक्यावर पडणार, तोच मी वैनींच्या कमरेला मिठी मारली. हातोडा हळूहळू खाली आला.

"चाकं असती तर मीच न्हेलं असतं ह्याला दवाखान्यात," त्या म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या.

दोघांनाही गल्लीतल्यांनी रिक्षानं दवाखान्यात नेलं, पण पोलिसांकडे कुणीच गेलं नाही. काही दिवसांनी नवा पाटा वैनींनी एका हातानं बसवला. बोल्ट मी आवळले. "लय ढिलं आवळता तुमी," म्हणून मला झापलंसुद्धा.

मग त्यांनी भांडी, खाट, गोधड्या जीपमध्ये भरल्या.

"घर राहू द्या त्याला. भिंतीला भिंत लावून न्हाई राहायचं आता."

त्यानंतर त्या पूर्णेत कुणाला दिसल्या नाहीत. जाताना गल्लीच्या टोकाला पट्टी बांधलेला उजवा हात निरोपाला खिडकीतून बाहेर आला, आणि जीप वळली.