टेलरमामांनी लावलेलं माझं लग्न

टेलरमामा लग्न लावायला उभे राहिले, तरी गळ्यातली टेप काढायची विसरायचे. आखाडा बाळापुरात त्यांचं शिवणाचं दुकान होतं, आणि आमच्या बौद्ध वस्तीतली लग्नंही तेच लावायचे. ते त्रिशरण म्हणू लागले, की मानपानावरून कुरकुरणारे व्याहीसुद्धा मुकाट हात जोडत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच मॅट्रिक झालेले. म्हणजे पंचक्रोशीत माझ्याएवढं शहाणं कुणी नाही, अशी माझी खात्री. लग्नातली प्रतिज्ञा मीच लिहिणार, असं मी जाहीर केलं आणि सात पानं मामांच्या मशीनवर नेऊन ठेवली. त्यात ‘सहजीवनाचे क्षितिज’ तीनदा आलं होतं. नवऱ्यानं रोज वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवावं, असंही एक कलम होतं.

मामांनी सगळं वाचलं. “पोरी, लगीन करून राहिली का सभा घेऊन राहिली?”

मी फुगून बसले.

“कापड लई हाय गं. अंग कुठं हाय यात? तुला खरं काय पाहिजे?”

माझे डोळेच भरले. “मला मास्तरीण व्हायचंय, मामा. सासरी शिकू देतील का, काय माहीत.”

“मग हे काहून लिहिलं न्हाई?”

सात पानांत ते कुठंच नव्हतं. भीती वाटत होती, म्हणून बाईसाहेब क्षितिजं रंगवत बसल्या होत्या!

मामांनी सगळी पानं बाजूला सारून माझ्याकडून एकच ओळ लिहून घेतली. मांडवात पांढऱ्या साडीत उभी राहून मी ती वाचली : “मी पुढं शिकणार, शाळेत नोकरी करणार, त्यात मला तुमची साथ पाहिजे.”

सासरे ताडकन उठले. “हे ठरलं नव्हतं. न्हाई चालायचं!”

माझं सगळं शहाणपण पळालं. मामांनी मात्र सतरंजीवर निवांत मांडी ठोकली. “बराबर हाय. मग आता ठरवा. तोवर जेवणं थांबू द्या.”

उन्हाळ्याची दुपार, वरणाचा वास मांडवभर पसरलेला. अख्खं वऱ्हाड सासऱ्यांकडं बघू लागलं. शेवटी नवरदेवच बोलला, “मला मंजूर हाय, बाबा.”

“व्हय, शिकू दे तिला,” सासरे खाली बसत म्हणाले, “पण आमाला आधी जेवू द्या!”

पुढं नोकरीचा कागद आला, तेव्हा मी पेढे घेऊन दुकानात गेले. मामांनी पेढा हातातच धरला. सदऱ्याला काजं करत बसलेल्या मामींकडं बघत म्हणाले, “लोकांच्या पोरींसाठी अडून बसलो. हिला सही बी येत न्हाई, हे ध्यानातच आलं न्हाई.”

पन्नाशीच्या मामी माझ्या पहिल्या विद्यार्थिनी. दर रविवारी त्या पाटी घेऊन बसत आणि मामा आत चहा करत. मामांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. लग्न लावावं तर त्यांनीच. चहा मात्र इतका वाईट करायचे, की त्यातून सुटायला मामी चार महिन्यांत वाचायला शिकल्या.