दव वाळेपर्यंत

शहागडच्या पुढे, हमरस्ता सोडून आत वळलं की एक वस्ती लागते. तिथल्या अंगणवाडीत शिवकन्या एकोणीस वर्षांपासून ताई आहे. पहिल्या वर्षी तिच्यापुढं बसलेल्या पोरींची आता पोरं बसतात आणि तीही तिला ताईच म्हणतात.

तिचा जीव गोष्टीच्या पेटीत. पेटी पत्र्याची, आत चित्रांची चौतीस पुस्तकं. रोज एक मोठ्यानं वाचायचं हा तिचा नेम. वाघ आला की आवाज पोटातून निघायचा, आणि उंदीर बोलायला लागला की मदतनीस उषाबाई खिचडीचा डाव हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहायच्या.

पण दरवर्षी आश्विनात कापसाची वेचणी लागायची. आया पोरांना घेऊनच रानात जायच्या. बावीस पोरांतली पाच उरायची. यंदा पर्यवेक्षिका मॅडमनी बैठकीत स्पष्टच सांगितलं, की ऐकायला पोरंच नसतील तर पेटी दुसऱ्या केंद्राला द्यावी लागेल. कोजागिरीच्या आदल्या दिवशी त्या स्वतः येऊन बघणार होत्या.

शिवकन्येला घास गोड लागेना. आयांना वेचणी सोडा म्हणायचं तिच्या तोंडी आलं नसतं. लहानपणी ती स्वतः आईमागं सऱ्यांमधून हिंडलेली. त्या आठवणीतच तिला दव आठवलं. दव असेपर्यंत कापसाला हात लावत नाहीत; ओला वेचला तर पिवळा पडतो. ट्रॅक्टर बायांना आठलाच शेतात आणून सोडतो, आणि ऊन चढेपर्यंत सगळ्या बांधावर बसून राहतात. आईशेजारी बसून तेवढ्या वेळात तिनं किती गवत उपटलं असेल, त्याला हिशोब नव्हता. अंगणवाडी तर दहाला उघडायची.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी ती पिशवीत पुस्तक घालून, वस्तीतल्या बाया वेचायला जात त्या अण्णासाहेबांच्या रानात गेली. अण्णासाहेब पट्टीचे शेतकरी, बोलायला कडक.

"वाचा," ते म्हणाले. "पण दव वाळलं की मी हाक मारणार. मंग एक पान बी वाचायचं न्हाई."

ताईनं मान्य केलं. दिवसांना शोभेल म्हणून तिनं शरद ऋतूचं पुस्तक आणलं होतं. त्यात लाललाल पानांची झाडं होती, खाली पानांचा सडा, आणि लोकरीची टोपी घातलेली एक मुलगी. पहिलं पान उघडताच वेचणीला आलेल्या सुरेखाची चार वर्षांची शीतल पुढं सरकली. तिनं लाल पानावर बोट ठेवलं.

"ताई, ह्याच्यावर लाल्या पडला."

कपाशीची पानं लाल होऊन गळायला लागली की घराघरात तोंडं उतरतात, ते त्या पोरीनं पाहिलेलं. बाया हसून लोळायच्याच बाकी राहिल्या. एकीनं तर टोपीवालीच्या बापाला फवारणी करायला सांगा म्हणून सुचवलं. शिवकन्याही हसली. लांब थंडीच्या मुलखात झाडं अशीच लाल होतात, हा रोग नव्हे, असं तिनं समजावलं. मग पुस्तक मिटून तिनं पोरांना विचारलं, की आपल्याकडं ह्या दिवसांत काय असतं? दाखवा बरं आणून.

पोरं बांधाबांधानं पांगली. त्या दिवसापासून आधी गोष्ट आणि मग गोळा केलेलं चिकटवणं, असं सुरू झालं. खोक्याचे पुठ्ठे दोऱ्यानं ओवून पुस्तक झालं. एका पानावर फुटलेलं बोंड, एकावर झेंडू, एकावर सीताफळाच्या बिया. दसऱ्याला आपट्याचं पान आलं. शेवटचं पान घटाचं, ते मात्र नवरात्रातच सुरू झालेलं. ताईनं खळीनं गहू चिकटवले, तर शीतल म्हणाली, घटात माती असती. पोरांनी काळी माती थापली, वर दाणे रोवले. घरी आई घटाला घालते तसं शीतल रोज चूळभर पाणी घालू लागली. पुठ्ठा फुगला, वाकडा झाला. ताईला वाटलं, पुस्तक वाया गेलं. चौथ्या दिवशी पानावर हिरवे कोंब होते.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी मॅडम आल्या त्या थेट रानात. शिवकन्येनंच तसा निरोप धाडला होता, साडेआठला या, गोष्ट तिथं असते. मॅडम रिकाम्या पोत्यावर बसल्या. समोर सतरा पोरं होती आणि मागं त्यांच्या आया.

वाचायला मात्र ताई उठली नाही. शीतल उठली. अक्षर एक येत नव्हतं, पण पान उलटत, बोट ठेवत तिनं बोंडापासून कोंबांपर्यंत सगळं सांगितलं, अगदी ताईच्या आवाजात. अडखळली तिथं बाकीची पोरं एका सुरात पुढचं म्हणत. शिवकन्येनं डोळ्याला पदर लावला नाही. मान ताठ ठेवून ऐकत राहिली.

पेटी इथंच राहील, मॅडम म्हणाल्या. हे पुस्तक तेवढं त्यांना बैठकीत दाखवायला न्यायचं होतं. शीतलनं ते छातीशी धरलं.

"नेऊ नका. त्याला रोज पाणी लागतंय."

मग बैठकीतल्या ताईच इकडं येतील, मॅडम म्हणाल्या.

ऊन चांगलंच वर आलं होतं. सुरेखानं कापूस वेचून टाकायची ओटी कमरेला बांधत विचारलं, "अण्णा, आज दव वाळलं न्हाई का?"

"कवाच वाळलं," अण्णासाहेब दुसरीकडं बघत म्हणाले. "गोष्ट चालू होती ना."