नटावरचा लाल ठिपका

खरं तर मी लिहावं, एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, आणि बार्शीजवळच्या आमच्या गावात लिहिणं म्हणजे अर्ज लिहिणं. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण सोलापुरात शुक्रवार पेठेत ज्यांच्या घरी मी तीन वर्षं खोली घेऊन राहिलो, त्या काकांइतका नट-बोल्टांवर संशय घेणारा माणूस पृथ्वीवर दुसरा नसेल, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

काका अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग दुरुस्त करायचे आणि तिथल्याच एका बंद शेडमध्ये बारा वर्षं स्वतःच्या हातानं एका माणसापुरतं विमान बांधत होते. उडवायचं रीतसर शिकूनही आले होते. माग दिवसभर थरथरतो, त्यात नट कसा हळूच सैल होतो हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर ते काकूंच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचे, अर्धा नटावर, अर्धा पत्र्यावर. "ठिपका तडकला की समजायचं, नट हलला. विमानवाल्यानं बायकोशी भांडावं, ठिपक्याशी न्हाय," असं मला बजावायचे, जणू माझंही विमान दारात उभं आहे. ही शिस्त हळूहळू घरात शिरली. कुकरच्या दांड्याला, पंख्याला, शेवटी माझ्या सायकलच्या चाकालाही ठिपका लागला. काकूंची बोटं मात्र कोरीच. "बाटली माझ्या नावानं आणायची आन् नटवायचं विमानाला," त्या म्हणायच्या.

पंखांचं कापड तापवून ताणायला काकांनी घरची इस्त्री नेली, तेव्हा मी सगळी परीक्षा चुरगळलेल्या शर्टात दिली. वजनाचा तर त्यांना ध्यासच. एकेक स्क्रू वाण्याच्या काट्यावर तोललेला. सगळा हिशेब जुळला त्या दिवशी काकूंनी चहा गाळता गाळता विचारलं, "आन् तुमचं वजन किती धरलंय?"

काकांनी वही काढली. बारा वर्षांपूर्वीचं होतं. मधल्या काळात शेंगाचटणीनं त्यात चौदा किलोंची भर घातली होती. वही मिटून ते म्हणाले, "विमानाचं आता कमी होणार न्हाय. माझंच करायला पाहिजे की." दुसऱ्या दिवसापासून स्कूटर बंद, शेडपर्यंत पायी. चटणीची बरणी त्यांनी माझ्या खोलीत आणून ठेवली आणि झाकणावर ठिपका दिला. मी उघडली तर त्यांना कळावं म्हणून नव्हे. त्यांनी उघडली तर मला कळावं म्हणून.

पुढे मी नोकरीला पुण्यात आलो. उड्डाणाच्या परवानगीचा कागद येत नाही आणि काका बारीक होतायत, एवढंच फोनवर कळायचं. नंतर नंतर मला विचारायचीच भीती वाटू लागली.

गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. "उडाले बाबा. दोन चकरा मारून नीट उतरले."

"वरून काय काय दिसलं म्हणाले?"

"काय बघतोय तो माणूस. सारखं ठिपक्यांकडंच बघत होतो म्हणतात. एकबी तडकला न्हाय." मग म्हणाल्या, "उतरल्यावर खिशातली बाटली माझ्या हातात दिली. म्हणाले, आता तू लाव."

"लावलीत का?"

"दोन बोटांपुरतीच निघाली," काकू म्हणाल्या.