सरांचा जपान

टॉवर चौकात सकाळी पोह्यांच्या गाडीवर भेटणारे ते इतिहासाचे निवृत्त सर जपानबद्दल बोलू लागले की हातातले पोहे गार व्हायचे. तिथला सम्राट सूर्यदेवीचा वंशज, त्याच्यासाठी कोवळी पोरं विमानासकट शत्रूच्या जहाजांवर आदळायची, हे सांगताना ते ताठ उभे राहत. "असा जज्बा आपल्याकडे कुठंय, भाऊ?"

भैरवगढला कापडावरची छपाई शिकायला साठीतली एक जपानी बाई आली, तेव्हा मी सरांना तिच्या भेटीला नेलं. सरांनी वाकून नमस्कार केला, तिच्या देशाचं, त्या विमानातल्या पोरांचं भरभरून कौतुक केलं. बाई अडखळत हिंदीत म्हणाली, "मेरे चाचा ऐसे ही गए. लोग बधाई देने आए. दादी को रोना मना था. वो कपड़े धोते हुए रोती थी."

परतताना रिक्षात सरांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आत काहीतरी हललं.

दुसऱ्या दिवशी गाडीवर ते लोकांना सांगत होते, "आईनं पोरगा दिला, और एक आँसू नहीं!"

मी म्हणालो, "सर, तिला रडायला मनाई होती."

"एकच बात आहे," ते म्हणाले आणि त्यांनी पोह्यांवर आणखी शेव मागितली.